निगेटिव्ह परत द्या

बदलापूरच्या कात्रपला घराजवळ फिल्मचा रोल धुवायला घेणारं कुणी उरलं नाही, म्हणून गेल्या महिन्यात मुंबईच्या एका लॅबला रोल धुवायला दिला. स्कॅन मोबाईलवर आले. निगेटिव्ह मागितल्या, तर उत्तर मिळालं, ‘त्या आम्ही टाकून देतो.’ तो संताप अजून उतरलेला नाही.

फिल्मशी आपलं नातं जुनं आहे. उटीला 1960 साली हिंदुस्थान फोटो फिल्म्स निघाली. तिच्या ‘इंदू’ रोलवर देशाने कृष्णधवल फोटो काढले. पुढे रंगीत लाटेत हा सरकारी कारखाना मागे पडला आणि बंद झाला.

मला सांगायचंय ते त्या रंगीत लाटेतल्या 1995 ते 2005 या दहा वर्षांबद्दल. बदलापुरात इमारतींवर इमारती उठत होत्या आणि प्रत्येक वास्तुशांतीला रोल लागायचा. 36 फोटोंचा रोल बेताने भरला, तर वर एखाद-दुसरा निघायचा. मुंजीत उरलेले फोटो गणपतीपर्यंत पुरवायचे. आमच्या लॅबवाल्या काकांचं डेव्हलपरच्या तापमानावर बारीक लक्ष असे. 38 अंशांच्या आसपास, सव्वातीन मिनिटं. त्यात ढिलाई झाली की रंग बिघडलेच.

26 जुलै 2005 ला उल्हास नदी घरांत शिरली. पश्चिमेला नदीकाठी राहणाऱ्या मावशीचे अल्बम चिखलात गेले. चिकटलेले फोटो सोडवताना चेहरेच निघून येत होते. निगेटिव्हच्या पट्ट्या मात्र काकांनी चिखलासकट वाळू दिल्या नाहीत. भिजलेलं जिलेटिन मऊ पडतं, म्हणून बोटही न लावता स्वच्छ पाण्याच्या बादलीत हलवून हलवून चिखल काढला आणि पट्ट्या दोरीवर चिमट्यांनी टांगल्या. काही गेल्या, बऱ्याच वाचल्या. लेकीच्या लग्नाचे फोटो मावशीला पुन्हा छापून मिळाले.

नंतरच्या वर्षांबद्दल काय सांगायचं? मेमरी कार्डं आली, मोबाईल आले, लॅबची यंत्रं भंगारात गेली.

कोडॅक जानेवारी 2012 मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा लोकांनी फिल्मचं तेरावंही उरकलं. पण त्याच वर्षी कोडॅकने बंद केलेली एक्टाक्रोम फिल्म 2018 मध्ये परत आली. इंग्लंडच्या हारमनने 2023 मध्ये ‘फिनिक्स’ हा नवा रंगीत रोल काढला, 2024 मध्ये पेंटॅक्सने फिल्मचा नवा कॅमेरा आणला. फिल्म जगणार आहे. थोडी, महाग, हौशी लोकांच्या जिवावर.

पण नुसते परदेशी रोल विकून ती इथे जगणार नाही. नीट धुणारे हात हवेत आणि निगेटिव्हची कदर हवी. आज कितीतरी तरुण मुलं पदरचे पैसे मोडून रोल घेतात. त्यांची निगेटिव्ह टाकून स्कॅन देणं म्हणजे सातबारा फाडून झेरॉक्स हातावर ठेवणं. फोन बिघडला, पासवर्ड विसरला, तर पुन्हा छापायला उरणार काय? म्हणून रोल देताना पावतीवरच ‘निगेटिव्ह परत’ असं लिहून घ्या. जो लिहून देणार नाही, त्याला रोल देऊ नका.