मुळापासून बांधणं म्हणजे काय? विद्यार्थ्यांच्या बग्गीच्या निमित्ताने

(कामठा, जि. गोंदिया येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

आजचा विषय ऐकून काही मंडळींनी भुवया उंचावल्या आहेत. तत्त्वज्ञानाची माणसं गाड्यांवर कधीपासून बोलायला लागली? पण 'ज्ञान म्हणजे काय' हा आमच्या शास्त्रातला सगळ्यात जुना प्रश्न आहे, आणि आज तो ग्रंथालयाइतकाच वर्कशॉपमध्येही विचारावा लागतो. म्हणून आज आपण एका गाडीच्या मदतीनं तो समजून घेऊ या.

गाडी कोणती? अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः बांधतात ती, एका माणसाची, चार चाकांची, रस्ता सोडून चिखला-दगडांतून धावणारी बग्गी. 'बग्गी' म्हटलं की आपल्याला वरातीची घोड्याची बग्गी आठवते. ही तिची दूरची नातेवाईक. १९६४ साली कॅलिफोर्नियात ब्रूस मेयर्स यांनी फोक्सवॅगन बीटलच्या सुट्या भागांवर वाळूत धावणारी हलकी गाडी बांधली, तिथून 'ड्यून बग्गी' हा प्रकार लोकप्रिय झाला. मेक्सिकोत बाहा कॅलिफोर्निया नावाचं वाळवंटी द्वीपकल्प आहे, तिथल्या शर्यती प्रसिद्ध झाल्या. १९७६ साली अमेरिकेत साउथ कॅरोलिना विद्यापीठात विद्यार्थ्यांची स्पर्धा सुरू झाली, तिला हेच 'बाहा' नाव मिळालं. आपल्याकडे 'बाहा एसएई इंडिया' ही स्पर्धा २००७ पासून इंदूरजवळच्या पीथमपूरला भरू लागली. पुण्याच्या सीओईपीपासून अनेक महाविद्यालयांची पोरं तिथं आपापली गाडी घेऊन जातात.

स्पर्धेचा पाया साधा आहे. अनेक वर्षं सगळ्या संघांना एकच इंजिन असे, दहा अश्वशक्तीचं, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं. त्याच्या पोटात हात घालायचा नाही. म्हणजे ज्याच्या बापाकडे पैसा जास्त, त्याचं इंजिन मोठं, ही सोय नाही. फरक पडणार तो बाकीच्या बांधणीत.

पोकळीचं बळ

पहिलं काम असतं सांगाड्याचं. याला 'रोल केज' म्हणतात, गाडी उलटली तरी आतला माणूस चिरडू नये म्हणून बांधलेला नळ्यांचा पिंजरा. नियमपुस्तकाची जुनी अट अशी: मुख्य नळ्या पोलादाच्या, त्यात कार्बन निदान ०.१८ टक्के, बाहेरचा व्यास २५.४ मिलिमीटर आणि भिंतीची जाडी ३ मिलिमीटर. दुसरं माप वापरायचं असेल तर वापरा, पण वाकण्याला तितकाच विरोध आणि तितकीच ताकद आहे हे गणितानं सिद्ध करा, आणि जाडी १.५७ मिलिमीटरच्या खाली नेऊ नका.

आता गंमत बघा. व्यास वाढवून ३१.७५ केला आणि जाडी कमी करून १.६५ वर आणली, तर एका मीटरचं वजन सुमारे १.६६ किलोवरून १.२३ किलोवर येतं. लोखंड पाव हिश्श्याहून जास्त कमी झालं. आणि वाकण्याला होणारा विरोध? तो तीस टक्क्यांनी वाढला! कारण साधं आहे. नळी वाकते तेव्हा मधला भाग फारसं काम करत नाही, सगळा ताण बाहेरच्या कडेवर येतो. म्हणून द्रव्य मध्यापासून जितकं दूर, तितकं ते उपयोगी.

हे आपल्या भागात कोणाला नवीन आहे का? आपला बांबू हेच करतो. आतून पोकळ, बाहेरून घट्ट, आणि मध्ये मध्ये पेर. पेर कशासाठी? भिंत पातळ झाली की नळी चेपण्याची भीती असते, ते पेर थोपवतं. बग्गीच्या पोरांनाही हाच प्रश्न पडतो. नळी फार पातळ घेतली तर वेल्डिंग करताना जळून भोक पडतं, दगड लागला की पोचा येतो. बुरुडाला सूत्र माहीत नसतं, पण कोणता बांबू कुठं लावायचा हे माहीत असतं. विद्यार्थ्याला सूत्र माहीत असतं; हात मात्र अजून तयार व्हायचा असतो.

वजनाची एवढी काळजी का, तेही पाहू. चालक धरून गाडी २५० किलोची आहे असं समजू. चढ तीस अंशांचा, म्हणजे दोन मीटर चाललं की एक मीटर उंची गाठायची. दहा अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७,४६० वॅट. पट्टा, गिअर, साखळी यांत चौथाई गेली असं धरलं तर चाकाशी ५,६०० उरतात. जमिनीचा विरोध बाजूला ठेवला तरी गाडी ताशी साधारण १६ किलोमीटरनं चढेल. वजन पंचवीस किलोनं उतरवा, तीच गाडी १८ च्या वर जाते. आपल्याकडच्या शंकरपटाला जे जातात त्यांना हे समजावून सांगायला नको. ओझ्याची बंडी पटावर कोणी नेत नाही, तिथं हलका छकडाच लागतो.

चिखल आणि चाक

दुसरा प्रश्न मागच्या दोन चाकांचा. वळणावर बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, आतलं कमी. बैलबंडीत अडचण येत नाही, कारण दोन्ही चाकं आसावर आपापली फिरतात. पण इंजिन चाकांना फिरवू लागलं की दोन्ही एकत्र जखडून चालत नाही, म्हणून मोटारीत 'डिफरन्शियल' असतं. ते दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं आणि फिरण्याचा वेग ज्याचा त्याला ठरवू देतं.

रस्त्यावर हे उत्तम. चिखलात काय होतं? एक चाक घसरलं की त्याला जोर लागतच नाही. मग दुसऱ्यालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्य मिळतो. एक चाक जागेवर गरगर फिरतं, दुसरं ढिम्म. धानाच्या बांधीत चिखलणी करताना ज्यांनी ट्रॅक्टर फसलेला पाहिला आहे, त्यांना पुढचं ठाऊक आहे: ड्रायव्हर पायाजवळचं पेडल दाबतो, डिफरन्शियल लॉक होतं, दोन्ही चाकं एकत्र फिरतात आणि ट्रॅक्टर निघतो.

बग्गीचे बरेच संघ डिफरन्शियल ठेवतच नाहीत, मागची चाकं कायमची एकत्र जखडतात. चिखल जिंकला, पण वळण अवघड झालं. गाडी सरळच जाऊ बघते, म्हणून मग पुढची चाकं, सस्पेन्शन, वजनाची वाटणी अशी बसवावी लागते की वळताना आतलं चाक थोडं हलकं होऊन घसरेल. एक गाठ सोडवली की दुसरी पडते.

इथं आपण नीट थांबू या. या प्रश्नाला 'बरोबर उत्तर' नाही. परीक्षेत दहा मार्कांचं उत्तर ठरलेलं असतं. इथं प्रत्येक निवडीची काहीतरी किंमत मोजावी लागते आणि ती का मोजली हे सांगावं लागतं. अॅरिस्टॉटलनं तीन प्रकारची जाण वेगळी केली होती: सिद्धान्त जाणणं, वस्तू घडवता येणं, आणि परिस्थिती पाहून योग्य ते ठरवता येणं. आपल्या शिक्षणात पहिलीची परीक्षा होते, दुसरीचं प्रॅक्टिकल होतं, तिसरीला वेळापत्रकात तासच नसतो. बग्गी तो तास घेते.

हाताचं ज्ञान

गिल्बर्ट राइल या इंग्रज तत्त्वज्ञानं १९४९ साली एक फरक मांडला, 'अमुक आहे हे माहीत असणं' आणि 'अमुक कसं करायचं ते येणं'. दुसरं हे पहिल्याचं धाकटं भावंड नाही, ते स्वतंत्र ज्ञान आहे, असं त्यांचं म्हणणं.

आपल्या गावात याचा पुरावा बंडीच्या चाकावर असे. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवायची. धाव मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान घ्यायची, गोवऱ्यांच्या आगीत लाल करायची, फुगली की चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. आकसली की आरे, पाटे, तुंबा सगळं एकजीव. 'किंचित लहान' म्हणजे किती? थोडं जास्त लहान केलं तर चाक फुटेल, कमी केलं तर धाव निसटेल. हे माप लोहाराच्या हातात होतं. बग्गीची पोरं बेअरिंग बसवताना हाऊसिंग तापवतात, तेव्हा तत्त्व तेच, फक्त माप मायक्रॉनमध्ये लिहिलेलं.

सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे नावाचं गाव आहे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या एका कारागिरानं भंगारातल्या सामानातून छोटी चारचाकी जीप बनवली, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. २०२१ च्या डिसेंबरात देशानं ती पाहिली, आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारीत ती दिलीही. आपण टाळ्या वाजवल्या. पण एक प्रश्न टाळ्यांत बुडाला. हाताचं एवढं ज्ञान असलेल्या माणसाला आपली शिक्षणव्यवस्था आत का घेऊ शकली नाही? आणि जे आत आहेत, त्यांच्या हातांना इतकी वर्षं काम का मिळत नाही?

याचं उत्तर आपल्या समाजरचनेत आहे. डोक्याचं काम वरचं, हाताचं खालचं, ही उतरंड आपण पिढ्यान् पिढ्या जातींमध्ये वाटून ठेवली. १९३७ साली इथून फार दूर नाही, वर्ध्यालाच, गांधीजींनी नयी तालीमची मांडणी केली: हस्तोद्योग हेच शिक्षणाचं माध्यम. तिच्या तपशिलांवर मतभेद असू द्या. पण जखम त्यांनी बरोबर ओळखली होती.

विकत मिळत नाही ते

आता अवघड बोलू. आज शहरांत 'रेडिमेड प्रोजेक्ट' मिळतात. मॉडेल, अहवाल, प्रेझेंटेशन, सगळं पॅकेज. पोरं विकत घेतात, मास्तर बघून न बघितल्यासारखं करतात, पदवी मिळते. यात फसवणूक कोणाची होते? पुढे त्या पदवीच्या भरवशावर जो पूल, जी लिफ्ट, जे ब्रेक वापरणार, त्याची.

बग्गीत ही पळवाट बरीचशी बंद असते. वेल्डिंगचे नमुने दाखवावे लागतात. एक जोड मोडेपर्यंत ताणायचा किंवा वाकवायचा, आणि अट अशी की मोडली तर नळी मोडावी, जोड नाही. दुसरा जोड उभा कापून वितळलेला धातू आत किती खोल गेला ते दाखवायचं. ब्रेक दाबला की चारही चाकं जाम झाली पाहिजेत. चालकाला पाच सेकंदांत पट्टे सोडून बाहेर पडता आलं पाहिजे. इंजिन बंद करायची दोन बटणं, एक चालकाच्या हाताशी, एक बाहेरून पोचेल असं. परीक्षक विचारतात, ही नळी इथंच का? हे माप का? शेवटी चार तासांची सहनशक्तीची धाव, ज्यात कागदावरचं सगळं खरं-खोटं होतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्या पिंजऱ्यात बसणारा आपल्याच वर्गातला मित्र असतो. रात्री दोन वाजता, झोप अनावर झालेली असताना, कोपऱ्यातला एक जोड नीट भरला नाही. वरून ग्राइंडर फिरवला, रंग मारला, कोणाला दिसणार नाही. मग तो परत करायचा की नाही? इथं अभियांत्रिकी आणि नीतिशास्त्र एकाच टेबलावर येतात. आम्ही वर्गात कर्तव्यावर पुष्कळ तास घेतले, पण इतकं नेमकं उदाहरण क्वचित सापडतं.

समोरून आलेली एक चिठ्ठी

एका विद्यार्थ्यानं विचारलं आहे: "सर, इंजिन तयार, टायर तयार, बेअरिंग तयार. मग 'मुळापासून बांधली' कसं म्हणायचं?"

फार चांगला प्रश्न. लोहारही लोखंड खाणीतून काढत नव्हता, आणि शेतकरी धान पेरतो, बीज निर्माण करत नाही. शून्यातून कोणीच काही बनवत नाही. आपल्या मते 'मुळापासून' याचा अर्थ असा घ्यावा की गाडीतल्या प्रत्येक भागावर बोट ठेवून कोणी 'का?' विचारलं, तर उत्तर आपल्याकडे असलं पाहिजे. टायर विकत घेतला, हरकत नाही. हाच का घेतला, ते सांगा. जिथं 'दुकानदारानं दिला' किंवा 'मागच्या वर्षीच्या पोरांनी असंच केलं होतं' हे उत्तर येतं, तिथं गाडी आपली नाही. या कसोटीवर आपल्या किती गोष्टी आपल्या ठरतील, हे ज्यानं त्यानं घरी जाऊन तपासावं. आमचा प्रबंधही त्यातून सुटत नाही.

आणखी एक सांगतो. बग्गी बांधायला पीथमपूरलाच गेलं पाहिजे असं नाही. इथं पंक्चरचं दुकान आहे, वेल्डिंगची दुकानं आहेत, ट्रॅक्टर दुरुस्त करणारे मिस्त्री आहेत. सुट्टीत महिनाभर त्यांच्याकडे जा. त्यांना 'काका, हे असं का करता?' विचारा, आणि तुमच्या पुस्तकातलं 'का' त्यांना सांगा. दोघांचंही भलं होईल. फक्त डोळ्यांवर वेल्डिंगचा चष्मा लावा, आणि जे बांधाल ते डांबरी रस्त्यावर आणू नका. नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर चालवायला कायदा परवानगी देत नाही, आणि ते योग्यच आहे.