वर्गातून ब्राझीलला: कल्पित सहलीचा भूगोल

महाराष्ट्रात २०१८ मध्ये आलेले दहावीच्या भूगोलाचे पुस्तक दोन देशांची जोडी घेऊन चालते: भारत आणि ब्राझील. स्थान-विस्तारापासून अर्थव्यवस्थेपर्यंत प्रत्येक पाठात हे दोन देश शेजारी बसतात. पहिला पाठ क्षेत्रभेटीचा, शेवटचा पर्यटन, वाहतूक आणि संदेशवहनाचा. पुस्तकाच्या दोन्ही टोकांना प्रवास असताना मधले पाठही एका प्रवासात ओवता येतील, हे अनेक शिक्षकांच्या लक्षात येतेच. म्हणून मग वर्गाला सांगितले जाते, ‘चला, ब्राझीलची सहल आखा.’

त्यातून बहुतेक वेळा काय हाती येते, तेही सर्वांना ठाऊक आहे. कार्डशीटवर पिवळा-हिरवा झेंडा, रिओचा ख्रिस्ताचा पुतळा, पेले, ॲमेझॉनमधला पोपट आणि खाली सुवाच्य अक्षरात माहिती. प्रकल्प देखणा होतो, गुणही मिळतात, पण सहल कुठेच जात नाही. चित्रांचा क्रम उलटा लावला तरी काही बिघडत नाही, कारण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायला किती वेळ लागतो हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. कल्पित सहल ही भूगोल शिकवण्याची फार जुनी आणि चांगली रीत आहे. मात्र ती कामाला येते, तिला खऱ्या अटी घातल्या तरच. सहल कल्पित असावी. तारीख, अंतर, ऋतू आणि खर्च खरे असावेत.

गोष्टीतून नकाशाकडे

मुलाचा पहिला भूगोल त्याच्या राहत्या गावापासून सुरू व्हावा, असे रूसोने १७६२ च्या ‘एमिल’मध्ये मांडले. घरापासून गाव, गावापासून तालुका, जिल्हा, देश असा आपल्याकडचा पाठ्यक्रमाचा चढता क्रमही याच विचाराच्या कुळातला. पण गावाच्या वेशीपलीकडे मुलाला न्यायचे कसे? एकोणिसाव्या शतकातल्या युरोपने त्यासाठी गोष्टीतल्या प्रवासाचा आधार घेतला.

फ्रान्समध्ये १८७७ साली ‘दोन मुलांची फ्रान्सप्रदक्षिणा’ हे शालेय वाचनाचे पुस्तक आले. ऑगस्टिन फुये या लेखिकेने ते जी. ब्रुनो या टोपणनावाने लिहिले होते. युद्धात हरल्यानंतर जर्मनीकडे गेलेल्या लोरेन प्रांतातून दोन पोरके भाऊ निघतात आणि फ्रान्सभर फिरतात. वाटेत प्रत्येक प्रांताची शेती, कारखाने आणि कारागिरी त्यांना भेटत जाते. या पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या आणि फ्रान्सच्या कित्येक पिढ्यांनी आपला देश त्यातून पाहिला. देशाभिमान हा त्याचा उघड हेतू होता, आणि त्यामुळे येणारा एकांगीपणाही त्यात आहे.

स्वीडनमध्ये शिक्षकांच्या संघटनेनेच सेल्मा लागरलॉफ यांच्याकडे मुलांसाठी देशाच्या भूगोलाचे पुस्तक मागितले. त्यातून १९०६-०७ मध्ये दोन भागांत निल्स होल्गर्सनची गोष्ट आली. अंगठ्याएवढा झालेला हा खोडकर मुलगा हंसाच्या पाठीवर बसून दक्षिणेच्या शेतांवरून थेट उत्तरेच्या लॅपलँडपर्यंत जातो. पुढे १९०९ मध्ये लागरलॉफ यांना साहित्याचे नोबेल मिळाले. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. शिक्षकाने या गोष्टीतून उचलावे असे एक मर्म आहे. निल्सचा मार्ग लेखिकेच्या लहरीवर ठरत नाही. रानहंस वसंतामागोमाग उत्तरेला सरकतात आणि शरदात परततात. प्रवासाचे वेळापत्रक ऋतूच्या हाती आहे, म्हणून स्वीडनचे हवामान वेगळे ‘शिकवावे’ लागत नाही.

खऱ्या अटींचा सर्वांत मोठा उस्ताद मात्र ज्यूल व्हर्न. भा. रा. भागवतांच्या अनुवादांमुळे मराठी वाचकांच्या घरचाच झालेला हा लेखक. ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’ ही कादंबरी १८७२ मध्ये क्रमशः छापून आली, आणि त्याआधी काही वर्षे ती सुचणे अवघड होते. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, त्याच वर्षी अमेरिकेत आडवी रेल्वे जोडली गेली आणि १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग सलग झाला. या तीन घटनांनी जगाचा फेरा आवाक्यात आणला. कादंबरीत हिंदुस्थानातल्या लोहमार्गाचा एक तुकडा अपुरा निघतो आणि नायक फॉग याला हत्ती विकत घ्यावा लागतो. शेवटची कलाटणीही भूगोलाचीच आहे: सतत पूर्वेकडे गेल्यामुळे त्याच्या पदरात एक दिवस जास्त पडतो. याच व्हर्नने १८८१ मध्ये ॲमेझॉनवरच्या प्रचंड तराफ्याच्या प्रवासाची कादंबरी लिहिली. दक्षिण अमेरिकेत त्याने कधी पाऊल ठेवले नव्हते. नकाशे, प्रवासवर्णने आणि वेळापत्रके एवढ्यावर त्याचा प्रवास झाला. दहावीच्या वर्गाकडेही याहून वेगळे भांडवल नसते.

पुढे अमेरिकेत जॉन ड्यूई यांनी ‘करून शिकणे’ शाळेत आणले आणि त्यांच्याच विचारांच्या विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये प्रकल्प पद्धतीवर आपला गाजलेला निबंध लिहिला. मुलाने मनापासून हाती घेतलेले, उद्देश असलेले काम म्हणजे प्रकल्प, ही त्यांची धारणा. आपल्याकडे हा शब्द वहीच्या मुखपृष्ठावर आला, पण त्यामागचा उद्देश अनेकदा वहीबाहेरच राहिला.

मुंबई ते साओ पाउलो

आता ब्राझीलची सहल खरोखर आखायला घेऊ. पृथ्वीगोलावर मुंबई आणि साओ पाउलो यांच्यामध्ये दोरा ताणून धरला, तर अंतर भरते सुमारे १३,८०० किलोमीटर. हा दोरा अरबी समुद्र ओलांडून इथिओपिया आणि कांगोवरून अटलांटिकवर उतरतो. भारतातून ब्राझीलला जाताना विमान बदलावे लागते. कुणी युरोपातून जाते, कुणी आखातातून, कुणी इथिओपियाच्या अदिस अबाबातून. दोरा अदिस अबाबाच्या अगदी जवळून जातो हे पाहिल्यावर ते शहर हवाई मार्गांचे नाके का होऊ शकते, हे मुलांना सांगावे लागत नाही; त्यांना ते दिसते.

वेळेचा हिशेब लगेच मागोमाग येतो. आपली प्रमाणवेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, ब्राझीलची राजधानी ब्राझिलियाची तीन तास मागे. म्हणजे फरक साडेआठ तासांचा. आपल्या शाळेची अकराची घंटा होते तेव्हा साओ पाउलोत रात्रीचे अडीच वाजलेले असतात, आणि ॲमेझॉनच्या जंगलातल्या मानौस शहरात दीड, कारण ब्राझीलमध्ये एकूण चार प्रमाणवेळा आहेत. ‘पोहोचल्यावर आईला फोन किती वाजता करायचा?’ हा प्रश्न रेखावृत्तावरच्या दहा गणितांचे काम एकटा करतो.

त्यानंतर कागदपत्रे. व्हिसा लागतो हे मुलांना माहीत असते, पिवळ्या तापाची लस बहुधा माहीत नसते. ब्राझीलहून भारतात येणाऱ्या प्रवाशाकडे या लसीचा दाखला असावा लागतो, आणि लस घेतल्यावर तो दहा दिवसांनी ग्राह्य धरला जातो. भारत एवढी काळजी का घेतो? कारण हा ताप पसरवणारे एडिस डास आपल्याकडे आहेत, ताप मात्र नाही. एका दाखल्यातून उष्ण कटिबंध, डास आणि देशांच्या सीमा असा मोठा पाठ उलगडतो.

नदी, थंडी आणि पाऊस

सहल कोणत्या सुट्टीत काढायची यावर वर्गात भांडण झालेच पाहिजे. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे हे वाक्य पाठ असणे वेगळे आणि त्यावर तिकिटे काढणे वेगळे.

मे महिना धरला तर दक्षिणेकडे थंडीची चाहूल लागलेली असते. पाराना राज्यात हिवाळ्यात दंव पडते. जुलै १९७५ च्या दंवाने तिथल्या कॉफीच्या बागा इतक्या करपल्या की जगभर कॉफीचे भाव चढले. ईशान्य किनाऱ्यावरच्या रेसिफेत मे ते जुलै भर पावसाचे, तर ब्राझिलियात त्याच वेळी कोरडे दिवस सुरू झालेले. तिकडे रिओमध्ये दुपारचा सूर्य उत्तरेकडे कललेला दिसतो, म्हणजे उन्हाची खोली हवी तर उत्तरेकडची मागायची.

दिवाळीची सुट्टी निवडली तर प्रश्न नदीचा. मानौसजवळ रिओ निग्रोची पातळी साधारण जूनमध्ये सर्वांत वर असते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास तळाला जाते. २०२३ च्या आणि पुन्हा २०२४ च्या दुष्काळात तिने नीचांकाचे विक्रम मोडले. होड्या गाळात रुतल्या, नदीकाठच्या वस्त्या तुटल्या. ॲमेझॉनमध्ये पाणी कमी पडू शकते, हे पोपटाच्या चित्रातून कळत नाही. दिवाळीत बोटीने जायचे ठरवलेल्या गटाला ते कळते.

सगळ्यात गमतीची अडचण रेल्वेची. मराठी मुलगा लांबच्या प्रवासाला आधी गाडीचा विचार करतो. ब्राझीलमध्ये प्रवासी रेल्वे नाममात्र. रूळ मुख्यतः लोहखनिज आणि धान्य बंदरांकडे नेण्यासाठी. साओ पाउलोहून मानौस हवाई मार्गानेही सुमारे २,७०० किलोमीटर, आणि रस्त्याने मानौस गाठणे महाकठीण. मानौस ते बेलेम हा नदीचा प्रवास बोटीवर झोळी टांगून चार-पाच दिवसांचा. अटलांटिकपासून इतक्या आत असूनही मानौसला समुद्री जहाजे लागतात. हे सगळे कळल्यावर ‘भारतात रेल्वेचे जाळे दाट का आणि ब्राझीलमध्ये विरळ का’ हा परीक्षेतला प्रश्न मुलांनी स्वतःच विचारलेला असतो.

ओळखीचे धागे

परदेशाचे चित्र काढताना मोठा धोका असतो तो ठरीव ठशाचा. ब्राझील म्हणजे जंगल आणि फुटबॉल, असे मानून केलेल्या सहलीत ब्राझीलचे लोकच भेटत नाहीत. तिथे शंभरांतले पंच्याऐंशीहून अधिक लोक शहरांत राहतात. म्हणून प्रत्येक गटाला एक साधी अट घालावी: एक थांबा कामाच्या जागी हवा. कोल्हापूर-सांगलीच्या मुलांनी साओ पाउलो राज्यातला उसाचा पट्टा निवडावा. साखरेच्या उत्पादनात भारत आणि ब्राझील जगात आघाडीवर आहेत, आणि उसापासून इंधन बनवण्याची मोठी सरकारी योजना ब्राझीलने १९७५ मध्येच सुरू केली. माण-खटावच्या मुलांनी ईशान्येचा अवर्षण चतुष्कोन पाहावा आणि डोंगराआडच्या पावसाची आपल्याकडच्या पर्जन्यछायेशी तुलना करावी. गोव्याच्या मुलांसाठी धागा आणखी जवळचा: काजूचे झाड मूळचे ब्राझीलचे, पोर्तुगीजांनी ते गोव्यात आणले. उलट दिशेनेही पाहुणे गेले आहेत. ब्राझीलच्या कुरणांवर चरणारी पांढरी नेलोर गुरे आंध्रातल्या ओंगोल जातीच्या वंशातली, आणि तिथल्या दुभत्या कळपांत आपली गीर आहे. असे धागे सापडले की दूरचा देश केवळ तुलनेच्या तक्त्यात राहत नाही.

पडद्यावरची सहल

साधनांची आता ददात नाही. गूगल अर्थ २००५ मध्ये आले. रस्त्यावरून चालल्यासारखे शहर दाखवणारी स्ट्रीट व्ह्यू सेवा भारतात २०२२ मध्ये पुणे, मुंबई, नाशिक, अहमदनगरसह दहा शहरांत सुरू झाली. स्वीडनच्या एका तरुणाने २०१३ मध्ये काढलेल्या जिओगेसर या खेळात अनोळखी रस्त्याचे चित्र पाहून जागा ओळखायची असते. मातीचा रंग, विजेचे खांब, दुकानांच्या पाट्यांची भाषा यांवरून अंदाज बांधणारी मुले नकळत चांगला भूगोल करतात. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी तर आभासी क्षेत्रभेटींतून गावच्या आणि परदेशांतल्या वर्गांची गाठ घालून दिली. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी इतर नऊ अंतिम स्पर्धकांत वाटली.

पण साधन म्हणजे पद्धत नव्हे. शाळांसाठी गाजावाजात आलेली गूगलची एक्सपिडिशन्स ही आभासी सहलींची योजना २०२१ मध्ये बंद झाली. त्यावरच विसंबलेल्या शिक्षकांना पुन्हा पाटीपूजन करावे लागले. शिवाय प्रत्येक घरी इंटरनेट आणि रंगीत प्रिंट परवडत नाही. कल्पित सहलीचे खरे बळ असे की विमानात बसलेला आणि तालुक्याबाहेर न गेलेला, दोघेही इथे एकाच रांगेतून निघतात. तो समानपणा प्रिंटआउटच्या खर्चात बुडू नये.

गुण कशाला द्यायचे

समजा प्रकल्पाला २० गुण आहेत. त्यांतले निम्मे निर्णयांच्या कारणांना द्यावेत: ही तारीख का, हा मार्ग का, हा थांबा का. पाच गुण रद्द केलेल्या योजनेला, म्हणजे आधी काय ठरवले होते आणि ते कोणत्या भौगोलिक कारणाने सोडावे लागले, याला. उरलेले पाच नकाशाला आणि हिशेबाला. सजावटीला शून्य. सजावट मुले आपण होऊन करतीलच. पालकांकडून करून घेतलेले प्रकल्प या वाटपात आपोआप उघडे पडतात, कारण रद्द केलेली योजना दुकानात विकत मिळत नाही.

यासाठी दहावीची वाट पाहायचीही गरज नाही. सातवी-आठवीच्या वर्गाने श्रीलंका किंवा नेपाळ निवडावा. अटी तेवढ्याच कडक ठेवाव्यात. लागते ते थोडे: एक पृथ्वीगोल, एक दिनदर्शिका, दोऱ्याचे रीळ आणि ‘तिथे त्या महिन्यात काय चालले असेल?’ असे वारंवार विचारणारा शिक्षक. भूगोलाच्या शिक्षकांनी दिवाळीनंतरचा पहिला तास यासाठी राखून ठेवावा, एवढीच विनंती.