विश्लेषण : कातकरी मोजले जातात, मग त्यांची बोली कुठे हरवते?

दिवाळी झाली की भोर आणि वेल्हे तालुक्यांतील कातकरी वस्त्यांमधील बरीच घरे बंद होतात. नवरा-बायको मुलाबाळांसह वीटभट्टीवर जातात, ते पावसाळा तोंडावर आल्यावरच परततात. आगामी जनगणनेची प्रत्यक्ष लोकगणना फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे, म्हणजे नेमकी याच दिवसांत. या गणनेत कातकरी माणसांची संख्या कळेल. त्यांच्या भाषेचे काय होईल, हा प्रश्न मात्र वेगळा आहे.

कातकरी कोण?

खैराच्या लाकडापासून काथ काढणारे म्हणून हे नाव पडले. जंगलावरचे हक्क गेले तसा तो धंदा गेला; कोळसा पाडणे, मासेमारी, मजुरी आणि वीटभट्टी उरली. रायगड आणि ठाणे ही त्यांची मुख्य वस्ती. घाटावर भोर, वेल्हे, मुळशी, मावळात ते विखुरलेले आहेत. कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर राज्यातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांत त्यांचा समावेश होतो. २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या २ लाख ८५ हजारांहून अधिक होती.

बोली की भाषा?

ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणाच्या मराठीवरील सातव्या खंडात (१९०५) कातकरीची नोंद आहे. मराठीशी तिचे नाते जवळचे आहे आणि हीच तिची अडचणही आहे. ‘आपलीच मराठी, जरा अशुद्ध’ असे म्हणून ती सहज बाजूला सारली जाते. घरात एक बोली आणि वर्गात दुसरी ऐकणारे पहिलीतले मूल गप्प बसले, तर ते बोलीमुळे आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

असे जगात इतरत्रही घडले आहे. बाल्कन प्रदेशात अरोमानियन ही लॅटिनमधून आलेली भाषा आहे. ती बोलणारे बरेचसे मेंढपाळ आणि व्यापारी होते. आज ते ग्रीस, अल्बानिया, उत्तर मॅसेडोनिया, रुमानिया अशा देशांत विभागलेले आहेत. ग्रीसमध्ये १९५१ नंतर जनगणनेत भाषेचा प्रश्नच विचारला गेला नाही, त्यामुळे तिथला अधिकृत आकडा नाही. उलट उत्तर मॅसेडोनियातील क्रुशेवो गावात तिला अधिकृत दर्जा आहे. १९९७ मध्ये युरोप परिषदेच्या संसदीय सभेने या भाषेच्या जतनासाठी ठराव केला. तरीही नवी पिढी ती सोडत चालली आहे.

रकान्यात काय लिहायचे?

२०११ मध्ये देशभरातून मातृभाषांची १९,५६९ नावे आली. छाननीनंतर त्यांतील १,३६९ उरली आणि दहा हजारांहून अधिक लोकांनी सांगितलेल्या २७० मातृभाषांचेच आकडे स्वतंत्रपणे जाहीर झाले. बाकीच्या ‘इतर’मध्ये गेल्या.

मात्र प्रगणकांना दिलेल्या सूचना इथे उपयोगी पडतात. मातृभाषा म्हणजे लहानपणी आई त्या व्यक्तीशी ज्या भाषेत बोलत असे ती. सांगितलेले नाव ही भाषा आहे की बोली, हे ठरवणे प्रगणकाचे काम नव्हे. त्याने ते जसेच्या तसे लिहायचे असते. येत असलेल्या आणखी दोन भाषांसाठी वेगळी जागा होती. म्हणजे मातृभाषा कातकरी आणि येणारी दुसरी भाषा मराठी, अशी नोंद करता येत होती. मराठी नाकारावी लागत नव्हती.

हा आकडा निव्वळ कुतूहलाचा नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५०क नुसार भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करायची आहे. जी बोली कागदावरच नाही, तिच्यासाठी वाचनपुस्तिका किंवा बोली जाणणारा शिक्षक मागायचा तरी कसा?

त्या फेब्रुवारीत प्रगणक भट्टीवरच्या झोपडीत येईल तेव्हा उत्तर कातकरी बाई देईल की मुकादम, यावर त्या रकान्यातला शब्द ठरेल.