इथेनॉलची गाडी, नाशिकचा हिशेब

20 टक्के इथेनॉल मिसळलेलं ई-20 पेट्रोल आता नेहमीच्या पंपावरच मिळतं. त्यासाठी वेगळी शोधाशोध नाही. अडचण आहे ती ई-100 ची, म्हणजे जवळजवळ शुद्ध इथेनॉलची. जून 2021 मध्ये पुण्यात तीन पंपांवर त्याची चाचणी सुरू झाली. मार्च 2024 मध्ये महाराष्ट्र, कर्नाटक, उत्तर प्रदेश, तमिळनाडू आणि दिल्ली मिळून 183 पंपांवर ते आलं. एवढ्या मोठ्या मुलखाला हे पंप फारच तोकडे आहेत.

त्यातच इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. पेट्रोलवर लिटरला 15 किलोमीटर धावणारी गाडी यावर दहाच्या आसपास येते. 40 लिटरची टाकी पुण्यात काठोकाठ भरली, तरी नाशिकला येऊन पुन्हा पुण्याच्या पंपावर पोहोचेपर्यंत ती रिकामी होते. म्हणून गाडी फ्लेक्स-फ्युएलच हवी. तिचा सेन्सर मिश्रण ओळखून इंधनाचा पुरवठा बदलतो, त्यामुळे वाटेत साधं पेट्रोल भरलं तरी चालतं. साध्या गाडीत ई-100 अजिबात घालू नये.

ई-100 मध्येही थोडं पेट्रोल असतंच. कारण थंडीत शुद्ध इथेनॉलची वाफ नीट होत नाही आणि इंजिन लवकर सुरू होत नाही. पारा दहाच्या खाली जाणाऱ्या निफाडकरांसाठी हे महत्त्वाचं.

इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं. पावसाळ्यात गाडी महिनोन् महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका.