डबे बंद, डोळे उघडे!

सहलीला निघायचं म्हटलं की आपली पहिली तयारी कसली? डब्यांची! चिवडा, शंकरपाळे, दशम्या, शेंगदाण्याची चिक्की... मे महिन्यात तीन दिवस भीमाशंकरला निघालो तेव्हा मीही तेच केलं. पिशव्या बघून ‘हे’ म्हणालेच, ‘‘अगं, तीन दिवसांसाठी चाललोय की तीन महिन्यांसाठी?’’

ज्योतिर्लिंगाचं दर्शन घ्यायचं होतंच, पण लेकीला बघायचं होतं शेकरू. आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी! पाठ तांबूस-तपकिरी, पोट फिकट आणि शेपटी धरून जवळजवळ तीन फूट लांब अशी ही मोठी खारच. तिच्यासाठी १९८५ मध्ये इथलं सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल अभयारण्य म्हणून राखलं गेलं. पुण्याहून मंचर, घोडेगाव करत, डिंभे धरणाचं पाणी बघत आम्ही वर पोचलो. जवळच्या एका वाडीत घरगुती राहायची सोय होती. शेणानं सारवलेलं अंगण, त्यात वाळत घातलेला बाळहिरडा आणि परसात जांभळाची उंच झाडं. घरच्या मावशी या रानातच वाढलेल्या.

पहिल्या दिवशी दर्शन झाल्यावर मावशींबरोबर गुप्त भीमाशंकरच्या रानवाटेला लागलो. थोडं चाललो आणि लेक ओरडलीच, ‘‘आई, ते बघ!’’ फांदीवर शेकरू! आता समोर कुणी आलं की त्याच्या हातावर काहीतरी ठेवायचं, ही आपली रीत. मी लगेच चिक्कीचा तुकडा काढून झाडाच्या बुंध्याशी टाकला. शेकरू सरसर खाली आलं, जमिनीवर उतरलं. आम्ही फोटो काढण्यात दंग. तेवढ्यात झुडपामागून एक कुत्रं झेपावलं! शेकरू कसंबसं खोडावर चढलं. अगदी वीतभर अंतरानं वाचलं बिचारं.

मावशी चिडल्या. ‘‘ताई, तुम्ही मायेनं घालता वो, पर त्येला खाली यायची सवय लागती. एक दिवस कुत्री धरत्यात. रानात काय कमी हाय त्येला?’’

मी खजील झाले. खरंच, हा प्राणी जवळजवळ सगळं आयुष्य झाडावर काढतो. पंधरा-वीस फुटांची उडी सहज मारतो. फळं, फुलं, बिया, झाडाची साल, सगळं त्याला वरच मिळतं. काटक्या आणि पानांची मोठी गोल घरटी तो बांधतो, तीही एकाहून जास्त. ती असतात बारीक फांद्यांच्या टोकाला, म्हणजे जड जनावराला तिथवर पोचता येऊ नये. एवढी काळजी घेणाऱ्या जीवाला मी एका चिक्कीसाठी खाली उतरवलं होतं!

दुसऱ्या दिवशी आहुप्याला गेलो. कड्यावरून खाली कोकण आणि समोर गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके. तिथली देवराई बघितली. देवाच्या नावानं राखलेलं रान, त्याला कुऱ्हाड लावायची नाही. आत शिरलं की भर मे महिन्यात गारवा. कुठूनतरी एखाद्या पोरानं उगाच शीळ घालावी तसा आवाज आला. तो होता शीळकरी कस्तूर, निळसर काळा पक्षी. रात्री मावशींनी काजवे दाखवले. लेकीनं मोबाईलची बॅटरी लावताच म्हणाल्या, ‘‘बंद कर बाय, त्येंची खूण मोडती.’’ काजव्यांची उघडझाप म्हणजे नर-मादीची एकमेकांना खूण. आपल्या उजेडात ती हरवते.

आणि सासूबाई? गुडघेदुखीमुळे त्या दोन्ही दिवस परसदारी खुर्ची टाकून बसल्या होत्या. मला वाईट वाटत होतं, तर त्याच म्हणाल्या, ‘‘तुम्ही कुठं कुठं हिंडून आलात? माझ्यासमोर शेकरू तीनदा येऊन गेलं.’’

तिसऱ्या दिवशी पहाटे मीही त्यांच्याशेजारी जाऊन बसले. हातात काही नाही. चहा नाही, निवडायला भाजी नाही. खरं सांगते मैत्रिणींनो, असं नुसतं बसायची सवयच नाही आपल्याला! पहिली दहा मिनिटं जड गेली. मग वरून टप् टप् जांभळाच्या बिया पडायला लागल्या. मान वर केली, तर मागच्या पायांनी फांदी धरून, उलटं लोंबकळत शेकरू जांभळं खात होतं. अर्धा तास! ना त्याला माझी भीती, ना माझ्याकडून काही हवं.

तुम्हीही जाणार असाल, तर एवढं लक्षात ठेवा. शेकरू सकाळी लवकर आणि उन्हं उतरल्यावर हमखास हालचाल करतं, दुपारी विसावा घेतं. कपडे मातकट रंगाचे घाला, आवाज हळू ठेवा, प्लॅस्टिक परत आणा. आणि प्राण्यांसमोर डबा उघडू नका.

निघताना मावशींनी पानात बांधून करवंदं दिली. माझे डबे भरलेलेच होते, ते मी त्यांच्या नातवंडांना दिले. गाडीत बसता बसता सासूबाई म्हणाल्या, ‘‘पुढच्या खेपेला डबे कमी आणि दिवस जास्त!’’