इम्प्लांट जितका लांब, तितका दात पक्का?

दाताच्या जागी इम्प्लांट बसवताना लांब स्क्रू जास्त टिकेल, असं अनेकांना वाटतं. पण चावताना सर्वाधिक ताण हिरडीलगतच्या हाडावर येतो. तिथे लांबीपेक्षा जाडी जास्त कामी येते. लांबीमुळे सुरुवातीची पकड मिळते, विशेषतः हाड मऊ असेल तेव्हा.

साधारण ८ ते १३ मिलिमीटरचे इम्प्लांट वापरतात. मात्र खालच्या जबड्यात नस असते. ती दुखावली तर ओठ बधिर होऊ शकतो. वर सायनसची पोकळी असते. हाड कमी असल्यास ६ मिलिमीटरचा इम्प्लांटही चालू शकतो, हाड भरण्याची शस्त्रक्रिया टळू शकते.

नवी मुंबईत नेरुळ, बेलापूर, खारघर इथे डेंटल कॉलेजं आहेत. कुठेही जा, आधी विचारा: सीबीसीटी स्कॅनमध्ये माझं हाड किती उंच, किती रुंद दिसतंय?