चार रात्री, एकच बेट

सहलीहून परत आल्यावर दोन दिवस रजा काढून झोपावं लागतं, असं तुमच्याही घरी होतं का हो? आठ दिवसांत अकरा ठिकाणं, रोज पहाटे बॅगा भरायच्या, रोज रात्री त्या उपसायच्या. आणि हे भरण्या-उपसण्याचं काम घरात कुणाकडे असतं, ते काय वेगळं सांगायला हवं? बाकीची मंडळी देखावे बघतात, आपण मात्र कुणाचा टॉवेल कुठे राहिला ते बघत असतो! म्हणून या खेपेला एक निराळा बेत सुचवते. अंदमानला जा, पण सगळं अंदमान पाहायला जाऊ नका. शहीद द्वीप नावाच्या लहानशा बेटावर चार रात्री राहा आणि बॅग एकदाच उघडा.

२०१८ सालापर्यंत या बेटाचं नाव होतं नील. ज्या राजधानीला आपण पोर्ट ब्लेअर म्हणत आलो, तीही २०२४ पासून श्री विजयपुरम झाली आहे. कागदोपत्री कुठे जुनं, कुठे नवं नाव दिसेल. गोंधळून जाऊ नका. राजधानीपासून बेट ३५-४० किलोमीटरवर, बोटीनेच जायचं. वस्ती मुख्यत्वे पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांची. त्यांनी इथे शेती फुलवली आणि आज आसपासच्या बेटांना भाजीपाला इथून जातो. गावांची नावं तर ऐकाच : रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर! सासूबाईंना पत्ता पाठ करायला अडचण पडायची नाही.

आता केव्हा जायचं? इथेच बहुतेकींचा बेत फसतो. आपल्याला सुट्टी आठवते ती दिवाळीची. पण अंदमानला पाऊस दोनदा गाठतो. मे महिन्याच्या उत्तरार्धात नैर्ऋत्य मोसमी पाऊस आपल्या आधी तिथे पोचतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा पाऊस नि बंगालच्या उपसागरातली वादळं. वारं उठलं की बोटी बंद. नाताळात हवा चांगली, पण गर्दी आणि भाडी दोन्ही चढलेली. माझं मत विचाराल तर मुलांच्या वार्षिक परीक्षा संपल्या की लगेच निघा. मे लागायच्या आत, फार तर पहिल्या आठवड्यात परत या. ऊन कडक असतं हे खरं. पण समुद्र शांत आणि पाणी नितळ असतं, आणि दुपारी एक ते तीन आपण तरी घरी काय करतो? झोपतोच ना!

महिना ठरला की स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि तिथी बघा. हसू नका. मुहूर्तासाठी नव्हे, ओहोटीसाठी! पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाणाची भरती येते, तशी ओहोटीही फार आत जाते. लक्ष्मणपूरजवळ लाटांनी कोरून काढलेली दगडी कमान आहे, तिला गावकरी 'हावडा ब्रिज' म्हणतात. पाणी हटलं की तिच्यापाशी खडकांत लहान लहान डबकी उरतात. त्यांत खेकडे, समुद्रकाकड्या, रंगीत मासे, जिवंत प्रवाळ असं सगळं गुडघाभर पाण्यात दिसतं. ज्यांना पोहता येत नाही त्यांनासुद्धा समुद्राच्या पोटात डोकावायला मिळतं, ते असं. भरपूर भरती असताना तिथे गेलात तर नुसते खडक आणि फेस बघून परतावं लागेल. उलट भरतपूरच्या किनाऱ्यावर पाणी उथळ, खाली प्रवाळ. तिथे डुंबायचं ते भरतीला.

तेव्हा अष्टमीच्या आसपासची भांगाची भरती टाळून, पौर्णिमा किंवा अमावास्या आपल्या मुक्कामात येईल असे दिवस निवडा. वेळेचं कोकणातलं गणित मात्र तिथे जसंच्या तसं चालत नाही. रोज साधारण पाऊण तास वेळ पुढे सरकते, म्हणून मुक्कामाला पोचल्या-पोचल्या ओहोटी किती वाजता ते विचारून ठेवा. मग दिवसाचं वेळापत्रक समुद्रच आखतो. घरातल्या कुणाला शिट्टी वाजवत उभं राहायला नको.

एक सांगते, प्रवाळ म्हणजे अंगठीतलं लालभडक पोवळं नव्हे. हे बहुधा तपकिरी, हिरवट, पिवळसर. त्यातून २०१० साली समुद्र तापल्यामुळे अंदमानातलं पुष्कळ प्रवाळ पांढरं पडलं होतं. जे आहे ते जिवंत आहे; त्यावर पाय देऊ नये. पट्ट्याच्या रबरी चपला सगळ्यांना हव्यात, नाहीतर तळवे कापलेच म्हणून समजा. आणि खाडीच्या तोंडाशी, खारफुटीजवळ पाण्यात उतरायचं नाही. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. मुलांना हे घरीच बजावा.

चेन्नई किंवा कोलकात्याहून विमानाने दोन-सव्वादोन तास लागतात. समुद्रमार्गेही जाता येतं, पण त्यात अडीच-तीन दिवस मोडतात. पुढच्या बोटीत बसण्याआधी ज्यांना मळमळतं त्यांना डॉक्टरांनी दिलेली गोळी द्या, आलेपाकाच्या वड्या पर्समध्ये ठेवा. आणि ही गोष्ट गाठ मारून ठेवा : बेटावरून परतायची बोट आणि घरी यायचं विमान एकाच दिवशी ठेवायचं नाही. वारा सुटला, बोट रद्द झाली, की सहा जणांची विमानाची तिकिटं पाण्यात! आदल्या दिवशीच राजधानीत या. तो दिवस वाया जात नाही, कारण तिथे सेल्युलर जेल आहे. १९०६ साली पुरं झालेल्या या तुरुंगाच्या सात बाहूंपैकी आज तीनच उभे आहेत. सावरकरांना इथे १९११ मध्ये आणलं आणि १९२१ मध्ये हलवलं. ती कोठडी पाहिल्यावर मुलं आपोआप गप्प होतात.

सामानाबद्दल म्हणाल तर शेगडी, कुकर, भाजणीचे डबे काही नको. भात, मासे, ताजी भाजी बेटावर मिळते. मेतकूट आणि लिंबाचं लोणचं एवढं पुरे. मग चार दिवस कुणी "आज काय करायचं?" असं विचारणार नाही. रक्तदाबाची, साखरेची औषधं मात्र दुप्पट घ्या नि दोन बॅगांत विभागून ठेवा. बेटावर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, मोठं रुग्णालय राजधानीत. रोख पैसे बरोबर असू द्या. मोबाईलवर भरवसा ठेवून जाऊ नका. वाळूत बारीक माश्या चावतात, तेव्हा बसायला चटई हवी.

आता घरात एक जण नकाशा पसरून म्हणणारच, "एवढं गेलोच आहोत तर बाराटांग पण करू!" ती वाट जारवांच्या राखीव जंगलातून जाते. गाडी पकडायला काळोखात उठायचं, आणि वर माणसांना खिडकीतून बघायचं. मला तरी हे पटत नाही. स्वराज द्वीपचा राधानगर किनारा सुरेख आहे, पण आठ दिवस हाताशी असतील तरच. नाहीतर बोटींच्या वेळा सांभाळण्यात सुट्टी संपते.

परतताना मुलांच्या खिशातून शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे निघतील. ते तिथेच ठेवायला लावा. वन्यजीव संरक्षण कायदा आहे, विमानतळावर सामान तपासतात, आणि तिथे सगळ्यांसमोर बॅग उपसण्याची पाळी पुन्हा आपल्यावरच येते.

संध्याकाळचं तेवढं राहिलं. घड्याळ आपलंच, पण बेटं फार पूर्वेला. एप्रिलात पाचच्या सुमारास सूर्य उगवतो नि साडेपाचच्या पुढेमागे बुडतोसुद्धा. लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर सूर्यास्त बघायचा तर चारलाच चहा घेऊन निघा. सहा-सव्वासहाला मिट्ट काळोख, जेवणं आठाच्या आत, आणि पुढे रिकामा वेळच वेळ. पत्त्यांचे दोन जोड घ्या. सासूबाईंना झब्बू येत नसेल तर मुलं शिकवतील; तुम्ही खुशाल पाय पसरून लाटा ऐकत बसा.